पट्ट्याची पूजा

आयुधपूजेनंतर दोन दिवसांनी माझ्या गाडीने जो हट्ट धरला, तो तुम्हाला सांगितलाच नाही. आईला हेब्बाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती वेळ चुकली, तर पुढची महिन्याने मिळणार होती. आणि माझा सीट बेल्ट काही केल्या लागेना! मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं, तर बकलच्या आत हळदकुंकवाचा लगदा घट्ट बसलेला.

गाडीची पूजा दर वर्षी माझी बायको सुमन करायची. ती गेल्यावरची ही पहिली पूजा आईने केली होती.

"आई, अगं कुंकू बॉनेटला लावतात. इथे आत कशाला भरलंस?"

"बॉनेट वाचवतं का तुला? वाचवतो पट्टा. मग मान कोणाचा?"

घरातून दात घासायचा जुना ब्रश आणला आणि खरवडत बसलो. शेवटी एकदाचा खट् आवाज आला. घड्याळ पाहिलं. अजून पोचता आलं असतं.

"चल, आता तुझा पट्टा लाव."

"छे! त्याची पूजा कुठे झालीय? सगळं कुंकू तुझ्याच पट्ट्यात संपलं."