सुरमईची चव

सोलापुरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात वडिलांच्या रिपोर्टसाठी थांबलेल्या भार्गवीच्या शेजारच्या बाकावर मोहोळचे प्रदीप, त्यांची बायको राजश्री आणि तिची थोरली बहीण बसले होते. औषधांनी राजश्रीच्या तोंडाची चवच गेली होती, हे भार्गवीला एव्हाना ऐकून ठाऊक झालं होतं.

“अक्का, रविवारी हिला नातेपुत्याकडं द्राक्षाच्या मळ्यात नेलं. तितं वाइन चाखाय देत्यात.”

“आन हिला दिली?”

“छ्या! हिनं नुस्ता वास घेतला.”

“घोट तोंडात फिरवून थुकायचा म्हणं, अक्का. ह्यांनी समदा गिळला की!”

“आन जेवाय रत्नागिरीची सुरमई, बर्फातनं आलेली. हिची चव परत आली! अख्खा तुकडा खाल्ला. व्हय की न्हाय गं?”

“व्हय की. लई झ्याक हुती.”

प्रदीप खुशीत फाईल द्यायला खिडकीकडे गेले.

“खरंच चव आली, राजू?”

“न्हाय गं. कापूस चावल्यागत लागलं.”

“मग सांगायचं की त्यास्नी!”

“सा म्हैन्यांत पयल्यांदा पोटभर जेवत हुते ते. मी तोंड वाकडं केलं असतं, तर त्यांनीबी ताट सारलं असतं.”

प्रदीप परत आले.

“आज डॉक्टरांना आदी चवीचं सांगू.”

तेवढ्यात आतून राजश्रीचं नाव पुकारलं.

“चल, मी येतो संगं.”

“तुमी बसा हितं. आज मी एकटीच जाते.”

भार्गवीने पाय आवरून तिला वाट दिली.