साहेबांची फाइव्ह मिनिट्स

तुम्हीच सांगा, ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणजे नेमका किती वेळ? मी साहेबांनाही विचारलं होतं.

चिंचोळीच्या कारखान्यात आम्ही दोघं भाऊ एकाच पाळीत होतो. साहेबांना काहीही विचारा, पंखा दुरुस्त करायचा असो नाहीतर सुट्टी, ते फोनमधून डोकं न काढता म्हणायचे, “फाइव्ह मिनिट्स.” दादा घरी त्यांची नक्कल करायचा. आई जेवायला बोलवायची, तर हा ऐटीत, “फाइव्ह मिनिट्स!”

त्या दुपारी दादा छाती धरून मशीनपाशी बसला. मी केबिनमध्ये पळालो.

“साहेब, गाडी द्या. दादाला दवाखान्यात न्यायचंय.”

“पाहुण्यांना सोडायचंय रे गाडीनं. त्यांचा चहा होऊ दे. फाइव्ह मिनिट्स.”

“म्हंजी किती, साहेब?”

ते पाहुण्यांकडे वळले. गाडी दारातच उभी होती. चहा झाला, मग नाश्ता झाला. दादाला गाडीत घातलं तेव्हा तो बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी केमहून आत्या येईपर्यंत आम्ही थांबलो. तिनं तोंड बघितलं, तिरडी बांधून झाली, तेवढ्यात कारखान्याचा मुकादम फोन कानाला लावूनच आला.

“थांबा की जरा! साहेब हार घेऊन निघालेत. फाइव्ह मिनिट्स.”

चुलते म्हणाले, “थांबू की. मोठा माणूस हाय.”

“न्हाय! दादा लई थांबलाय त्यांच्यासाठी.”

मी विस्तवाचं मडकं उचललं आणि चालायला लागलो. मडकं पुढं निघालं की तिरडी मागं ठेवता येत नाही.