विड्यांचं बंडल

मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर शिवलीलेच्या मागे एक मराठी जोडपं बोलत होतं. तिला मराठी समजत होतं.

"शिवाप्पा सरांच्या घरी काय तोंड दाखवू, प्रमोदिनी?"

"सर गेलेत, अहो. घरच्यांना भेटायला नको?"

"टेनिससाठी तोल शिकवताना एका पायावर उभं करून म्हणायचे, 'उसिरु बिडी.' मला वाटलं, विडी मागतायत. बंडल नेऊन दिलं."

"अगंबाई. मग?"

"कन्नडमध्ये ते 'श्वास सोडा' निघालं. सर म्हणाले, घरीसुद्धा सांगणार नाही, तुमचं हसं व्हायला नको."

ते बंडल बाबांच्या पिशवीत सापडल्यापासून, ते चोरून विड्या ओढतात असं समजून, शिवलीला त्यांच्याशी शेवटपर्यंत धड बोलली नव्हती.

बस आली. तिनं दांडा धरला, पण पाय उचलेना.

"अक्का," मागून तो हळूच म्हणाला, "उसिरु बिडी."