देवीनं आणलेलं बिऱ्हाड

"शेजारच्या खोलीत सोलापूरचं बिऱ्हाड येतंय म्हणं. त्यांना देवीनंच..." एवढ्यात बोलणारीचा नंबर लागला आणि ती घागर घेऊन हापशाकडं पळाली. दुष्काळात पाण्यापुढं बातमीला कोण विचारतंय? पण देवीनं केलं काय, हे कळल्याशिवाय मला चैन पडंना.

बिऱ्हाड आमच्या तुळजापुरात उतरलं, तशी मी चहा घेऊन गेले. "काय गं पोरी, देवीनं दृष्टांत दिला व्हय?"

"न्हाय मावशी. गिरण्यांच्या धुरानं धाकटीला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, शहर सोडा. पण ह्यांची नोकरी सोलापुरातच, अन् पाय अधू. एसटीत उभं राहवत न्हाय. दुसरी गावं बघितली, तर सकाळी सोलापूरची गाडी सगळीकडं खच्चून भरलेली."

"अन् इथली?"

"सकाळी सगळी दुनिया दर्शनाला इकडं येती, संध्याकाळी माघारी जाती. ह्यांचं नेमकं उलटं. जाता-येता खिडकीची जागा!"

"मंग बातमी खरीच की! देवीनंच आणलं तुमाला."

धाकटीला मांडीवर घेऊन बसलेला नवरा हसला. "देवीनं न्हाय मावशी, तिच्या भक्तांनी."