मेक्सिकोच्या साहेबाची डावी बाजू

तुम्हाला त्या फजित्याचं सांगितलं का मी? आम्ही मद्रासला होतो तेव्हा लेकाच्या मोटारीच्या कारखान्यात मेक्सिकोचा साहेब आला. सुनेने त्याला जेवायला बोलावलं. फजिता म्हणजे काय, तर कोंबडी नि ढबू मिरची परतून पोळीत गुंडाळायची. ते सोपं. पण पानात डावीकडे काय वाढायचं, इथे आमची सून दोन दिवस अडली.

मी म्हटलं, "डावीकडे काकडीची कोशिंबीर नि खर्डा वाढ, जोडीला राजमा कर."

"अहो आई, त्याच्याच देशाचं जेवण आहे. जरा चुकलं तरी हसेल तो!"

पण तिकडच्या चटणीसाठी तिला हवं होतं ते बटरफ्रूट, म्हणजे ॲव्होकाडो, पार एग्मोरपर्यंत हिंडून मिळालं नाही. शेवटी माझंच ऐकलं.

साहेबाने राजमा दोनदा घेतला, खर्ड्याची वाटी पुसून खाल्ली. सुनेने भीत भीत विचारलं, "फजिता बरा झालाय ना?"

साहेब बोलला ते लेकाने मला मराठीत सांगितलं, "छानच! आमच्या गावाकडे करत नाहीत. नाव ऐकून होतो, खाल्ला आज पहिल्यांदा."

सून माझ्याकडे बघतच राहिली.

मी म्हटलं, "बघतेस काय? त्याच्या आईला कृती लिहून दे."