गुडघ्याखालची उशी

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. ज्यांच्यासमोर मला आजही हात मागे बांधून उभं राहावंसं वाटतं ते आमचे निवृत्त विभागप्रमुख, म्हणजे आम्हां सगळ्यांचे मोठे सर. खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या मावशी. मेट्रनबाई, सिस्टर्स, वॉर्डातली सगळी मंडळी, आणि फोन वाजला की पळायच्या तयारीत दाराशी उभे असलेले माझे तरुण डॉक्टर सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सर्जनची पाच मिनिटं म्हणजे किती, हे बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना विचारून घ्या, आणि त्या तयारीने बसा.

मावशी, आधी खुर्चीला पाठ टेका बघू. एकतीस वर्षांत या इमारतीत तुम्हाला बसलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून सगळे टक लावून बघतायत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मावशींना वक्तशीर, कष्टाळू आणि हसतमुख म्हटलं. पहिले दोन शब्द मला मान्य आहेत. हसतमुख? मी या रुग्णालयात नवा आलो त्या दिवशी खाली हाडांच्या वॉर्डात एका रिकाम्या कॉटवर टेकलो होतो. मावशी म्हणाल्या, "उठा. ती आजारी माणसाची जागा आहे. आजारी असाल तर केसपेपर काढा." हे माझं या रुग्णालयातलं स्वागत.

आता मुद्द्यावर येतो. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची आहे. मोठ्या सरांनी मघाशी प्रेमाने तिचा उल्लेख केला, "याने तरुणपणीच एक दुर्मीळ निदान केलं होतं" असं म्हणाले, तेव्हा मी खाली बघत होतो. काही जणांना तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता. का, ते सांगतो.

आमच्या वॉर्डात एक आजी आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर मांस म्हणून नाही, काडीसारखे हात. पोटात कळा, उलट्या, पोट फुगलेलं, दोन दिवस वारा सरलेला नाही. म्हणजे आतड्यात कुठेतरी अडथळा. आता अडथळा म्हटलं की आम्ही ठरलेल्या तीन गोष्टी शोधतो. आधीच्या ऑपरेशनचा व्रण आहे का? आजींच्या पोटावर ओरखडाही नव्हता. जांघेत हर्निया? नाही. गाठ? हाताला लागत नव्हती. मग नाकातून नळी, सलाईन, आणि वाट बघा. दोन दिवसांत आजी बऱ्या झाल्या, घरी गेल्या. दीड महिन्याने तेच. पुन्हा बऱ्या झाल्या. आजींची लेक तर सरावली होती. म्हणायची, "डॉक्टर, आई चार दिवसांत उठून बसते, तुम्ही काळजी करू नका." डॉक्टरला धीर देणारे नातेवाईक क्वचित मिळतात. आम्ही तो धीर घेतला, हीच आमची चूक.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मात्र चौथा दिवस उजाडला तरी पोट उतरेना. नाडी वाढायला लागली. मी राउंड घेत होतो. मावशी चादर बदलत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, या आजींचा उजवा पाय सरळ होत नाही. सरळ करायला गेलं की ओरडतात. खाली हाडांच्या वॉर्डातही अशाच ओरडायच्या."

मावशींची त्याच महिन्यात हाडांच्या वॉर्डातून आमच्याकडे बदली झाली होती. हाडांचा वॉर्ड आमच्या खाली, मध्ये एकोणीस पायऱ्या. पण या एकोणीस पायऱ्या केसपेपर कधी चढत नसत. तिथे आजींची गुडघ्याची फाईल होती, इथे पोटाची. खालचे डॉक्टर गुडघ्याचे फोटो काढून गोळ्या देत होते, वरचे आम्ही पोटाचे फोटो काढून नळी घालत होतो. बाई एकच आहे, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आणि मी काय म्हणालो? मला शब्द न् शब्द आठवतो. "मावशी, चादर झाली असेल तर पुढच्या कॉटकडे बघा. पायाचं आम्ही बघू." तीन विद्यार्थी उभे होते, ते हसले. मावशी "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पण जाताना त्यांनी आजींच्या उजव्या गुडघ्याखाली एक उशी सरकवली.

राउंड संपवून मी परत आलो तेव्हा आजींच्या डोक्याखाली काहीच नव्हतं आणि गुडघ्याखाली उशी होती. मी विचारलं, "आजी, उशी तिथे कशाला?" आजी म्हणाल्या, "पाय दुमडून ठेवला की बरं वाटतं रे बाळा. त्या बाईला कळतं." मी उशी काढली, पाय हळूच सरळ केला, बाहेर नेला, आतल्या बाजूला वळवला. आजी किंचाळल्या, आणि त्यांचा हात पोटाकडे गेला नाही. मांडीच्या आतल्या बाजूला गेला.

इथे डॉक्टर नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. आपल्या कमरेच्या हाडात पुढे दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. त्यातून एक नस मांडीत उतरते. बाकीची जागा चरबीने बुजलेली असते. म्हातारपणी माणूस फार वाळला की ती चरबी जाते आणि क्वचित आतड्याचा एखादा वेढा त्या भोकात अडकतो. बाहेर फुगवटा दिसत नाही, हाताला काही लागत नाही. नस चेपते, म्हणून दुखतं मात्र मांडीत, पार गुडघ्यापर्यंत. पुस्तकात यावर अर्धं पान होतं. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण परीक्षेत कुणी चादर बदलत नाही ना!

लगेच स्कॅन केला, पोटापाशी न थांबता मांडीपर्यंत. भोकात बोटाच्या पेराएवढं आतडं अडकलेलं दिसलं. दुपारी मोठ्या सरांनी ऑपरेशन केलं, मी समोर उभा होतो. आतडं बाहेर आलं ते जांभळं. सरांनी त्यावर गरम सलाईनचा टॉवेल ठेवला आणि म्हणाले, "दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही." टॉवेल उचलला तेव्हा रंग परतला होता. कापावं लागलं नाही. भोक शिवून टाकलं. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर तो तुकडा गेला असता, आणि त्या वयात बहुधा आजीही गेल्या असत्या. त्या पुढे अकरा वर्षं जगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "पायाकडे लक्ष कुणाचं गेलं?" मी म्हणालो, "सर, पाय सरळ करताना त्या ओरडत होत्या." सरांनी पाठीवर थाप मारली. मी खोटं बोललो नव्हतो. फक्त पुढचं वाक्य बोललो नाही. मग ती केस मी परिषदेत मांडली, पदक मिळालं. ते माझ्या खोलीतल्या कपाटात आहे. आणि दर सोमवारी ते कपाट कोण पुसतं, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे.

सर, बावीस वर्षांनी ते पुढचं वाक्य बोलतो. लक्ष माझं गेलं नव्हतं. मावशींचं गेलं होतं, आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

मावशी मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या वेळेला वॉर्डात गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. मावशींनी आजींचा पाय सरळ केला. आजी ओरडल्या नाहीत. मावशींनी गुडघ्याखालची उशी काढली, झटकली आणि डोक्याखाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं." आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. मी माफी न मागताच परतलो.

मंडळी, आमच्या वॉर्डाच्या केसपेपरवर एक रकाना आहे, "अंथरुणात कसे झोपतात?" नवे डॉक्टर दरवर्षी विचारतात, हा कुठल्या पुस्तकातला? मी विषय बदलतो. आजपासून बदलणार नाही. आणि तो रकाना भरण्याआधी चादर बदलणाऱ्यांना विचारायचं, हे दाराशी उभ्या असलेल्यांनी ऐकून ठेवावं.

वेळ केव्हाच संपली आहे, मॅडम घड्याळाकडे बघतायत. आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची रीत आहे. तुमच्या सगळ्यांकडे ती मागणी रीतीप्रमाणे करतो. पण मावशी, तुमच्याकडे रीत म्हणून नाही. त्या सकाळी तुम्हाला चारचौघांत गप्प केलं, म्हणून आज चारचौघांत माफी मागतो. मला माफ करा.

मावशी हातानेच खुणावतायत, पुरे, खाली बसा म्हणून. एकदा त्यांचं ऐकलं नव्हतं, त्याचं काय झालं ते आत्ताच सांगितलंय. तेव्हा मी बसतो.