चढण आली, उतरू का?

ऐका. ही गोष्ट खरी आहे. खंडोबाचा भंडारा उचलून सांगतो, एक अक्षर खोटं निघालं तर ही जीभ झडून पडो. मी स्वतः होतो त्या घाटात. म्हणजे घाटात नव्हतो, पायथ्याला होतो. पायथ्याला म्हणजे घरीच होतो, पांघरूण घेऊन. पण खिडकी उघडी होती! सगळा आवाज येत होता. पोपट, हसू नको. हसणाऱ्याच्याच मागं आधी बसतं ते.

तर, सखाहरी. गवंडीकाम करणारा, खिंडीपलीकडच्या वांजुळवाडीचा. तुम्ही त्याला बाजारात बघता, कुणाशी बोलत नाही तो. दिवस मावळल्यावर त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि जांभूळखिंडीच्या वाटेला लागला. एकटा. अमावास्या. लोक म्हणाले, लांबच्या रस्त्यानं जा. तो म्हणाला, "लांबच्या रस्त्यानं लई दिवस गेलो."

थांबा, आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जांभूळखिंडीची चढण म्हणजे भिंत. जुन्या गाड्या दोघांना घेऊन वर जात नाहीत, म्हणून आपल्याकडं रीतच पडली. पहिल्या वळणावर मागचा उतरतो आणि पायवाटेनं चालत वर येतो. गाडीवाला एकटा माथ्यावर जातो आणि जांभळाखाली थांबतो. थांबतो म्हणजे थांबतोच. मागं वैरी बसवलेला असला तरी त्याला घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. खाली गेल्यावर भांडा हवं तेवढं!

सखाहरीची बायको हौसा. ही गोष्ट तिचीच. त्या काळात त्याच्या गाडीचा क्लच घसरायचा. इंजिन बोंबलायचं, चाक काही ओढायचं नाही. लतीफ मिस्त्री म्हणाला, "सखाभाऊ, क्लचच्या प्लेटा झिजल्यात. नव्या टाकून घे."

"केबल ताण की. चालतंय तोवर चालू दे."

आता ही चूक आपण सगळेच करतो. पोपट, तू तर परवाच केलीस. केबल जास्त ताणली की क्लच कधी पुरता सुटतच नाही. कायम थोडा दाबलेला राहतो, आणि उरलेल्या प्लेटाही जळतात. लतीफनं हे सांगितलं, सखाहरीनं ऐकलं नाही, आणि लतीफनं केबल ताणली.

त्याच संध्याकाळी दोघं बाजाराहून निघाली. हौसा नुकती तापातून उठलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. वळण आलं. तिनं नेहमीसारखं विचारलं, "चढण आली. उतरू का?"

हा म्हणाला, "उतर."

ती उतरली. हा एकटा वर निघाला. माथ्यावर पोचला तेव्हा गाडी रडत होती आणि जळकट वास सुटला होता. त्याला वाटलं, आता थांबलो तर ही परत हलायची नाही. भावाचा ट्रॅक्टर घेऊन येतो, आत्ता येतो. आणि तो थांबला नाही.

अरे, पण माथ्याच्या पुढं उतारच होता की! बंद गाडीसुद्धा दोघांना घेऊन घरंगळत घरी गेली असती. एवढी साधी गोष्ट, ती त्याला घराच्या दारात सुचली.

हौसा जांभळाखाली आली. कुणी नाही. तिला वाटलं असेल, पुढच्या वळणावर थांबलेत. अंधारात ती चालत राहिली. त्या वळणाला कठडा नव्हता.

ट्रॅक्टर आला, हाका मारल्या. सकाळी दरीत सापडली.

शेकोटीत लाकूड घाल रे कुणीतरी.

हां. तेव्हापासून लोक सांगू लागले. रात्री पहिल्या वळणावर गाडी जड होते. मागं कुणी नसतं, तरी स्प्रिंगा दबतात. सखाहरी मात्र त्या वाटेला गेलाच नाही. आणि मग एके दिवशी तो लतीफच्या गॅरेजात उभा.

"नव्या प्लेटा टाक. केबलही नवी. घाटात दोघांचं वजन ओढलं पाहिजे."

लतीफनं वर बघितलं. "दोघांचं? दुसरं कोण हाय, सखाभाऊ?"

"माथ्यावर थांबायचं राहिलंय माझं," सखाहरी म्हणाला.

लतीफनं नव्या प्लेटा टाकल्या. केबल लावली, क्लचची दांडी दाबून बघितली, जेवढी सैल हवी तेवढीच सैल ठेवली.

तर ऐका आता! सखाहरी पहिल्या वळणाला आला. रातकिडे गप्प. गाडी पहिल्या गिअरात होती, आणि खट्ट! आपोआप न्यूट्रल. यानं परत गिअर टाकला. परत न्यूट्रल. तिसऱ्यांदा पायानं दाबूनच धरला, तेव्हा कुठं राहिला. आणि तेवढ्यात मागची सीट दबली.

कुई... अशी वाजली स्प्रिंग. माणूस बसल्यावर वाजते ना, तशीच.

सखाहरीनं मागं बघितलं नाही. ॲक्सिलेटर पिळला. इंजिन बोंबललं, पण चाक काही ओढेना! नव्या प्लेटा, सकाळी टाकलेल्या! आणि वास आला. तोच वास. गाडी रांगायला लागली. जणू मागं एक बाई नाही, सगळा डोंगर बसलाय.

मग तड्! केबल तुटली. दांडी लुळी पडली, मेलेल्या पाखराच्या मानेसारखी. आता क्लच दाबताच येईना. म्हणजे थांबायचं तर इंजिन मारायचं. आणि इंजिन मारायचं म्हणजे त्या काळोखात, त्या वजनासंगं उभं राहायचं.

आणि कानाशी आवाज आला. तापातून उठलेल्या माणसाचा असतो ना, तसा कोरडा.

"चढण आली. उतरू का?"

तुम्ही काय म्हणाला असता? नुसतं 'उतर' म्हटलं असतं, तर गाडी फुलासारखी वर गेली असती. जीव वाचला असता. पोपट, तू तर विचारायच्या आधीच म्हणाला असतास.

सखाहरी म्हणाला, "बस. उतरू नको."

इंजिन तापून लाल झालं. धूर डोळ्यांत गेला. पण गाडी चढली. कशी चढली ते मला विचारू नका, लतीफला विचारा, त्यालाही कळलं नाही. जांभूळ दिसलं. आणि सखाहरीनं ब्रेक मारला. गचका बसला, इंजिन मेलं. दिवा गेला.

थांबला. माथ्यावर थांबला.

मागची स्प्रिंग वर आली. कुई. कुणीतरी उतरलं. बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, पण पुढून, त्या बिनकठड्याच्या बाजूनं.

"आता तुम्ही उतरा."

बघा हं! सखाहरीनं एक पाय उचललासुद्धा. तो उतरणारच होता. त्याला कुठं घरी जायची घाई होती? कोण होतं घरी? त्यानं गाडी न्यूट्रल केली, दुसरा पाय टेकवला, आणि तेवढ्यात मागून धक्का बसला.

धक्का कसा? गाडी सुरू होत नसली की बायकामाणसं मागून पदर खोचून देतात ना, तसा. दोन्ही हातांचा. हौसा रोज सकाळी अंगणात तसाच द्यायची. गाडी उताराला लागली. याचा तोल गेला, कसाबसा सीटवर आदळला. घरंगळत, घरंगळत, ते वळण हातभर अंतरावरून गेलं. आणि मागून ओरडली ती, रोज सकाळी ओरडायची तशी:

"टाका गिअर!"

यानं दुसरा टाकला. धाड्कन इंजिन पेटलं. दिवा लागला. घरी पोचेपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही.

सकाळी लतीफनं क्लच उघडला. आत प्लेटा नव्हत्याच, नुसता कोळसा. लतीफ म्हणाला, "सखाभाऊ, यावर गाडी अंगणातून हलणार नाय. तू खिंड कशी चढलास?" आणि मागच्या कॅरिअरवर धुळीत दोन पंजे. उजव्या पंजाचं एक बोट वाकडं. हौसाचं वाकडं होतं, उखळात सापडलेलं.

म्हणून सांगतो, दिवस मावळल्यावर जांभूळखिंडीनं जाऊ नका. लांबून जा, पेट्रोल जळू दे. आणि जायचीच वेळ आली, तर मागं बसलेल्या माणसाला सोडून येऊ नका. जिवंत असो, नसो.

काय रे पोपट? काय म्हणतोस? खरं किती?

भंडारा उचललाय मी. आता लबाडी कशी करू?

केबल ताणली, ते खरं. 'उतर' म्हणाला, ते खरं. उतार होता आणि त्याला सुचलं नाही, तेही खरं, आणि ते मला माझ्या मनानं रचताही आलं नसतं. लतीफनं नव्या प्लेटा टाकल्या, तेही खरं. पण त्या जळल्या नाहीत. अजून त्याच आहेत.

दर अमावास्येला जातो सखाहरी. पहिल्या वळणावर थांबतो. मागची पायदाणी उघडून ठेवतो. बराच वेळ उभा राहतो. मग वर जातो, जांभळाखाली इंजिन बंद करतो, बसतो. एकदा उजाडताना माझ्या दारात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाना, आजबी गाडी हलकीच गेली."

 दुसऱ्या रात्रीपासून मी ही गोष्ट सांगायला लागलो.

ते वजन तेवढं मी घातलंय.